मुखवट्यामागचा रक्षक आणि कायद्याचा जाब

शाळेच्या चिटणीसांचे निमंत्रण आले तेव्हा विषयाची निवड माझ्यावर सोपवलेली होती. ती मी नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांवर सोपवली, आणि त्यांनी जो विषय कळवला तो ऐकून कार्यकारी मंडळातील दोघातिघांना हसू आवरले नाही. ‘सुपरहिरोंवर सरकारची देखरेख असावी काय?’ असा तो प्रश्न. स्मृतिव्याख्यानाच्या व्यासपीठावर सुपरमॅनची चर्चा व्हावी हे काहींना औचित्यभंगाचे वाटले असेल. मला तसे वाटले नाही. ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते नागरिकशास्त्राच्या तासाला फळ्यावर तीन रकाने आखीत : अधिकार कोणता, तो कोणी दिला, आणि त्याचा जाब कोण विचारणार. ग्रामपंचायतीपासून राष्ट्रपतीपर्यंत सारे त्या तीन रकान्यांत बसवून घ्यावे लागे. सुपरहिरोचे नाव त्या कोष्टकात लिहून पाहिले, तर पहिला रकाना ओसंडून वाहतो आणि पुढचे दोन कोरे राहतात. विद्यार्थ्यांनी नेमकी हीच गोष्ट विचारली आहे. आणि पस्तीस वर्षे इंदूरच्या न्यायालयात काळा कोट घालून वावरलेल्या माणसाला ती विचारावी, हे मला योग्यच वाटते.

‘सुपरहिरो’ या शब्दासाठी ‘अतिमानव’, ‘महानायक’ असे पर्याय सुचवले जातात. परंतु मुले जो शब्द वापरतात तोच मी ठेवतो. या मंडळींची आणि माझ्या पिढीची ओळख अगदीच नवी नाही. 1964पासून निघू लागलेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ मराठीतही बोलू लागला होता, आणि कवटीच्या गुहेचा पत्ता आमच्यापैकी अनेकांना भूगोलाच्या पुस्तकातील राजधान्यांहून पक्का ठाऊक होता. ली फॉक यांनी 1936मध्ये अमेरिकन वृत्तपत्रात जन्माला घातलेल्या या वेताळाची एक गंमत मला फार उशिरा, वकिली सुरू झाल्यावर, ध्यानात आली. त्या जंगलात ‘जंगल पेट्रोल’ नावाचे एक रीतसर पोलीस दल आहे, आणि त्याचा अज्ञात सेनापती स्वतः वेताळच आहे. दलातील शिपायांना आपला वरिष्ठ कोण हे ठाऊक नसते. आज्ञा चिठ्ठीने येते. म्हणजे सरकारने वेताळावर देखरेख ठेवण्याऐवजी वेताळच सरकारच्या पोलिसांवर देखरेख ठेवून आहे! लहानपणी यात काही वावगे आहे असे वाटले नाही. वेताळ चांगला आहे, एवढे पुरेसे होते.

खरा वाद या ‘चांगला आहे, एवढे पुरेसे’ या समजुतीशीच आहे. तो वाद जिथे जन्मला आणि वाढला त्या अमेरिकेतच तो पाहावा लागेल. कारण सुपरहिरो ही त्या देशाची, त्याच्या राज्यघटनेची आणि त्याच्या इतिहासातील काही जखमांची निर्मिती आहे.

जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलंडच्या दोन तरुणांनी निर्मिलेला सुपरमॅन 1938मध्ये ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात अवतरला. आज आपल्याला परिचित असलेला, पोलिसांशी अदबीने वागणारा सुपरमॅन तो नव्हे. पहिल्याच कथेत एका निरपराध स्त्रीला देहान्त शिक्षा होऊ घातली आहे आणि तिच्या निरपराधित्वाचा पुरावा त्याच्या हाती आहे. तो काय करतो? मध्यरात्री गव्हर्नराच्या निवासस्थानात घुसतो, पोलादी दार उखडून काढतो आणि गव्हर्नराला झोपेतून उठवून शिक्षा रद्द करवून घेतो. पुढे 1939च्या आरंभीच्या एका कथेत तो गरिबांच्या पडक्या, रोगट चाळी स्वतःच्या हातांनी जमीनदोस्त करतो. हेतू असा की, सरकारला तिथे नवी घरे बांधणे भाग पडावे. मंदीच्या काळातील वाचकांना हे फार आवडले असणार. हेतू उदात्त, परिणाम इष्ट, आणि मार्ग संपूर्ण बेकायदेशीर. सुपरहिरो या कल्पनेच्या मुळाशी सरकारवरचा अविश्वास आहे हे आपण विसरता कामा नये. सरकार जिथे निजलेले आहे किंवा विकले गेलेले आहे तिथेच त्याची गरज पडते; आणि त्याच सरकारच्या परवानगीने त्याने चालावे, अशी मागणी आपण करीत असतो.

मुखवट्याची गोष्टही अशीच दुहेरी आहे. न्यूयॉर्क राज्यातील कुळांनी जमीनदारांच्या खंडाविरुद्ध 1840च्या दशकात जे आंदोलन केले, त्यात ते चेहरे झाकून, रंगीबेरंगी झगे घालून वसुलीच्या अधिकाऱ्यांना पिटाळून लावीत. त्यावर उपाय म्हणून 1845मध्ये तेथे वेष बदलून जमाव करण्याविरुद्ध कायदा झाला. तो पुढे 2020पर्यंत, म्हणजे महामारीत सर्वांनाच तोंड झाकणे भाग पडेपर्यंत, जिवंत होता. कुळांचा मुखवटा आपल्याला सहानुभूतीचा वाटेल. परंतु यादवी युद्धानंतर दक्षिणेत ज्यांनी पांढरे बुरखे घालून नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांवर रात्री-अपरात्री हल्ले केले, तेही स्वतःला समाजाचे रक्षकच म्हणवीत होते. त्यांच्या बंदोबस्तासाठी अमेरिकन काँग्रेसने 1871मध्ये केलेला कायदा ‘कू क्लक्स क्लॅन कायदा’ म्हणून ओळखला जातो. त्यातील पहिले कलम आजही लागू आहे, आणि आपल्या विषयाला ते अनपेक्षितपणे कामी येते. त्याकडे मी थोड्या वेळाने येतो.

प्रथम, देखरेखीची मागणी कथांमध्ये कशी आली ते पाहू. ॲलन मूर यांनी लिहिलेली आणि डेव्ह गिबन्स यांनी रेखाटलेली ‘वॉचमेन’ ही बारा अंकांची चित्रकथा 1986-87मध्ये आली. तिच्यातील काल्पनिक अमेरिकेत 1977मध्ये, पोलिसांच्या संपानंतर, ‘कीन कायदा’ होतो आणि मुखवटाधारी रक्षकांवर बंदी येते. सवलत फक्त सरकारी नोकरीत असलेल्यांना. मूर यांनी या कायद्याची जी परीक्षा घेतली आहे ती एखाद्या कसलेल्या न्यायाधीशाला शोभावी अशी आहे. सरकारी शिक्का मिळालेला ‘कॉमेडियन’ व्हिएतनाममध्ये एका गर्भवती स्त्रीला गोळी घालतो. शेजारी उभा असलेला, अणूवर हुकमत असलेला आणि तोही सरकारी सेवेत असलेला डॉ. मॅनहॅटन ते पाहत राहतो. जाब कोणीच विचारत नाही. बंदी झुगारणारा रोर्शाक रस्त्यावर स्वतःच फिर्यादी, न्यायाधीश आणि जल्लाद होऊन बसतो. आणि तिसरा, ओझिमँडियस, कायदा होण्यापूर्वी दोन वर्षे, 1975मध्येच, मुखवटा उतरवून सन्मानाने निवृत्त झालेला, अब्जाधीश उद्योगपती बनलेला. सर्वांत भयंकर नरसंहार घडवतो तो हाच. कीन कायद्याची त्याला बाधाच होत नाही, कारण कायदा मुखवट्याचा होता, शक्तीचा नव्हता. कायदा लिहिणाऱ्यांनी हा दोष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. धोका जिथे आहे त्याऐवजी जे ओळखायला सोपे आहे त्याच्यावर कायदा बसवण्याची खोड सरकारांना फार जुनी आहे.

दोन दशकांनंतर, 2006-07मध्ये, मार्व्हल या प्रकाशन संस्थेने मार्क मिलर यांची ‘सिव्हिल वॉर’ ही सात अंकांची कथा काढली. कनेटिकटमधील स्टॅमफर्ड गावात काही तरुण सुपरहिरो दूरदर्शनवरील कार्यक्रमाच्या चित्रीकरणासाठी आपल्या आवाक्याबाहेरच्या गुन्हेगारांवर झडप घालतात. त्यांतील एकजण स्वतःचा स्फोट घडवतो आणि सहाशेहून अधिक माणसे मरतात. जवळच शाळा होती, मुलेही मेली. या शोकातून नोंदणीचा कायदा जन्म घेतो : प्रत्येक शक्तिधारकाने आपले खरे नाव सरकारला कळवावे, प्रशिक्षण घ्यावे, आणि सरकारी सेवक म्हणून काम करावे. आयर्न मॅन कायद्याच्या बाजूने उभा राहतो, कॅप्टन अमेरिका विरुद्ध. 11 सप्टेंबर 2001च्या हल्ल्यानंतर अमेरिकेत आलेल्या पेट्रियट कायद्याची आणि ग्वांतानामोच्या तुरुंगाची छाया या कथेवर आहे, हे वेगळे सांगायला नको. 2016च्या चित्रपटात हाच प्रसंग बदलून आला : तिथे 117 राष्ट्रांनी मान्य केलेला करार आहे आणि संयुक्त राष्ट्रांच्या समितीने सांगितल्याखेरीज कोणी कुठे जायचे नाही असा दंडक आहे.

या दोन्हींत एक महत्त्वाचा घोटाळा आहे, आणि माझ्या मते सारी चर्चा त्यामुळेच भरकटते. एका कायद्यात तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत. आपण कोण हे सांगणे ही एक. आपल्या कृत्यांचा मागाहून जाब देणे ही दुसरी. आणि सांगतील तिथे जाऊन सांगतील ते करणे ही तिसरी. पहिल्या दोन गोष्टी मोटार चालवणाऱ्या प्रत्येकाला लागू आहेत. परवाना काढावा लागतो, अपघात झाला तर न्यायालयात उभे राहावे लागते. परंतु परवाना दिला म्हणून सरकार मला उद्या अमुक गावी गाडी ने असा हुकूम करीत नाही. नोंदणीच्या कायद्याने उत्तरदायी आणि ताबेदार हे दोन शब्द समानार्थी ठरवले. कॅप्टन अमेरिकेचा आक्षेप, नीट वाचला तर, बहुतांशी ताबेदारीला आहे; आयर्न मॅनचा युक्तिवाद बहुतांशी उत्तरदायित्वाचा आहे. दोघे एकमेकांना उत्तर देतच नाहीत. न्यायालयात असे रोज घडते. पण तिथे निदान मुद्दे काढून देणारा न्यायाधीश असतो.

नोंदणीची भीती मात्र पोकळ नाही. फेब्रुवारी 1942मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी काढलेल्या 9066 क्रमांकाच्या आदेशानंतर सुमारे 1,20,000 जपानी वंशाच्या माणसांना छावण्यांत नेऊन ठेवले गेले. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. ती कुठे राहतात हे शोधताना जनगणना खात्याने पुरवलेल्या आकडेवारीचा उपयोग झाला. निरुपद्रवी हेतूने केलेली नोंद युद्धाच्या तापात कशी वापरली जाते, याचा हा नमुना. सर्वोच्च न्यायालयाने 1944मध्ये कोरेमात्सु खटल्यात या धोरणाला मान्यता दिली. सरकारने 1988मध्ये कायद्याने क्षमा मागून हयात पीडितांना प्रत्येकी वीस हजार डॉलर दिले. आणि तो निवाडा मुळातच चुकीचा होता असे त्याच न्यायालयाच्या सरन्यायाधीशांनी 2018मध्ये एका निकालपत्रात नमूद केले. चौऱ्याहत्तर वर्षे लागली. ‘एक्स-मेन’च्या कथांत म्युटंटांच्या नोंदणीचा विषय वारंवार येतो आणि त्याच्या पुढे छावणी दिसते, ती कल्पनाशक्तीची भरारी म्हणता येत नाही. जन्मतः लाभलेल्या गुणासाठी नोंदणी आणि केलेल्या कृत्यासाठी नोंदणी यांत मी भेद करतो. भिंतीतून आरपार पाहू शकणारी मुलगी घरी बसून भरतकाम करीत असेल, तर सरकारने तिच्या दारी जाण्याचे कारण नाही. तिने रात्री दुसऱ्याच्या घराच्या भिंतीतून पाहायला सुरुवात केली की कारण उत्पन्न होते.

आता 1871च्या त्या कलमाकडे येतो. सरकारी अधिकाराच्या आवरणाखाली वागून कोणी माणसाचे घटनादत्त हक्क हिरावले, तर पीडिताला त्याच्याविरुद्ध संघराज्याच्या न्यायालयात दावा लावता येतो, असे ते कलम सांगते. मेख ‘सरकारी अधिकाराच्या आवरणाखाली’ या शब्दांत आहे. अमेरिकेच्या घटनेतील नागरिकांच्या हक्कांची हमी बहुतांशी सरकारविरुद्ध आहे, शेजाऱ्याविरुद्ध नाही. घराची झडती वॉरंटाशिवाय घेऊ नये हा चौथ्या घटनादुरुस्तीचा दंडक पोलिसांना बांधतो. परंतु खासगी माणसाने दुसऱ्याची कागदपत्रे चोरून सरकारला दिली तर? ‘बर्ड्यू विरुद्ध मॅकडॉवेल’ या 1921च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, चोरीत सरकारचा हात नसेल तर सरकार ती वापरू शकते. पोलिसांनी बेकायदा मिळवलेला पुरावा मात्र टाकून द्यावा लागतो. हा नियम 1961च्या ‘मॅप’ खटल्यापासून सर्व राज्यांना लागू झाला.

आता बॅटमॅनचा विचार करा. तो खिडकीतून शिरतो, तिजोरी फोडतो, वह्या घेतो आणि पोलीस आयुक्त गॉर्डन यांच्या मेजावर आणून ठेवतो. तो निव्वळ खासगी इसम असेल तर गुन्हेगाराला झडतीविरुद्ध तक्रार करायला घटनेत जागा नाही. पण गॉर्डन यांनी छपरावर दिवा लावून त्याला बोलावले, की बचावाचा वकील उठून म्हणेल, ‘महाराज, हा खासगी इसम नव्हे, हा पोलिसांचा हस्तक आहे.’ आणि त्याचे म्हणणे बिनतोड आहे. पोलिसांना जे करण्यास मज्जाव आहे ते दुसऱ्याकडून करवून घेण्याची सोय म्हणजे तो छपरावरचा दिवा. विद्यार्थी मित्रहो, सुपरहिरो सरकारपासून स्वतंत्र असावा असे आपण म्हणतो तेव्हा घटनेच्या बंधनांपासूनही तो स्वतंत्र राहतो, हे आपल्या लक्षात येत नाही. त्याला सरकारी सेवक केल्याने त्याच्या शक्तीवर लगाम येतो तो मंत्र्याच्या हुकमामुळे नव्हे. तो ज्याला पकडतो त्या आरोपीला हक्क प्राप्त होतात, त्यामुळे. नोंदणीच्या बाजूचा हा सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे, आणि आयर्न मॅनने तो एकदाही नीट मांडलेला नाही.

अर्थात नाण्याला दुसरी बाजू आहेच. अमेरिकन न्यायालयांनी 1967पासून सरकारी अधिकाऱ्यांना अशा दाव्यांपासून एक मर्यादित संरक्षण बहाल केले, आणि पुढच्या निवाड्यांनी ते इतके रुंदावले की, पूर्वी कोणत्या तरी खटल्यात नेमके तसेच कृत्य बेकायदा ठरलेले नसेल तर अधिकारी बहुधा सुटतो. आकाशातून मोटार फेकण्याबाबत पूर्वीचा निवाडा कुठून आणणार? म्हणजे परवाना मिळालेल्या सुपरहिरोला जबाबदारीबरोबर कवचही मिळते.

नुकसानीचा प्रश्न मुलांनी आवर्जून विचारला होता : ‘मारामारीत इमारती पडतात, त्यांचे पैसे कोण देतो?’ याला फार चांगले वास्तव उदाहरण आहे. 28 जुलै 1945 रोजी धुक्यात वाट चुकलेले अमेरिकन लष्कराचे बी-25 बॉम्बफेकी विमान न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवर आदळले आणि चौदा माणसे मेली. त्यावेळी संघराज्याच्या सरकारवर नुकसानभरपाईचा दावा सहजासहजी लावता येत नसे. राजा चूक करीत नाही, हे इंग्रजी तत्त्व प्रजासत्ताकातही टिकून होते. बरीच वर्षे रेंगाळलेल्या विधेयकाला या अपघाताने गती आली. 1946मध्ये कायदा झाला आणि तो 1945च्या आरंभापासून लागू करण्यात आला. सुपरहिरो सरकारी सेवक असेल तर स्टॅमफर्डच्या आईबापांना सरकारच्या तिजोरीवर दावा लावता येईल. खासगी असेल तर ज्याच्यापाशी वेष आणि मुखवटा यापलीकडे काही नाही त्याच्यावर हुकूमनामा मिळवून ते काय करणार? ब्रॅड बर्ड यांच्या 2004च्या ‘द इन्क्रेडिबल्स’ या चित्रपटात वाचवलेल्यांनीच फिर्यादी केल्या म्हणून सरकार साऱ्या सुपरहिरोंना निवृत्त करते. प्रेक्षक त्या फिर्यादींना हसतात. मी नाही हसलो. मान मोडलेल्या माणसाला, आपली मान कोणाच्या सद्हेतूने मोडली हे विचारण्याचा हक्क आहे.

देखरेखीची एक सत्यकथाही या व्यवसायानेच अनुभवली आहे. चित्रकथांनी मुले बिघडतात असे डॉ. फ्रेडरिक वर्थम यांनी 1954च्या आपल्या पुस्तकात मांडले. सीनेटच्या उपसमितीने त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये जाहीर सुनावण्या घेतल्या. आणि सरकारी नियंत्रण येण्याआधी प्रकाशकांनी आपणहूनच एक आचारसंहिता आणि तिची अंमलबजावणी करणारे मंडळ स्थापले. पोलीस, न्यायाधीश आणि सरकारी अधिकारी यांच्याविषयी अनादर उत्पन्न होईल असे चित्रण करू नये, असा एक नियम तीत होता. गव्हर्नराचे दार उखडणारा सुपरमॅन त्यामुळे नियमबाह्यच ठरला असता. पुढे 1971मध्ये तर कमाल झाली. संघराज्याच्या आरोग्य खात्याने स्टॅन ली यांना, स्पायडरमॅनच्या कथेतून मादक द्रव्यांचे दुष्परिणाम दाखवा, अशी विनंती केली. त्यांनी तीन अंकांची कथा लिहिली. मंडळाने तिला शिक्का नाकारला, कारण मादक द्रव्यांचा उल्लेखच वर्ज्य! अंक शिक्क्याविना निघाले, खपले, आणि त्याच वर्षी मंडळाने नियम सैल केले. ते मंडळ 2011पर्यंत कसेबसे तग धरून होते. सरकारच्या भीतीने नेमलेल्या पहारेकऱ्याने सरकारचेच काम अडवले, ही गोष्ट मला अनेक सरकारी कचेऱ्यांच्या व्हरांड्यात उभा असताना आठवली आहे.

आपल्याकडे वळायचे तर एकच निवाडा सांगतो, कारण तो जवळच्या भूमीवरचा आहे. छत्तीसगडमध्ये, म्हणजे 2000पर्यंत आमच्याच मध्य प्रदेशाचा भाग असलेल्या प्रदेशात, नक्षलवाद्यांशी लढण्यासाठी 2005पासून ‘सलवा जुडूम’ चळवळ उभी राहिली आणि आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून नेमून, तीन हजार रुपये मासिक मानधन आणि हाती बंदुका देण्यात आल्या. नोंदणी होती, परवाना होता, सरकारी शिक्का होता. सर्वोच्च न्यायालयाने 5 जुलै 2011 रोजी ही व्यवस्था घटनाबाह्य ठरवली. अपुऱ्या शिक्षणाच्या आणि प्रशिक्षणाच्या तरुणांना असे शस्त्र देणे हा त्यांच्याही जीविताच्या हक्काचा भंग आहे, असे न्यायालयाने म्हटले. ‘सिव्हिल वॉर’मधील नोंदणीवाद्यांनी किशोरवयीन मुलांना सरकारी छावणीत तयार करून राज्याराज्यांत पाठवण्याची जी योजना आखली, ती वाचताना मला हा निवाडा आठवला. सरकारची परवानगी ही वैधतेची सुरुवात आहे. ती घटनेच्या चौकटीत बसते की नाही हे पाहणारे कोणी तिसरे असावे लागते.

हे तिसरे कोण, एवढेच सांगायचे उरते. देखरेख म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे गृहखात्याचा सचिव येतो. ते बरोबर नाही. एफबीआय ही सरकारचीच संस्था होती आणि तिने 1956 ते 1971 या काळात आपल्याच नागरिकांच्या चळवळी मोडण्यासाठी गुप्त मोहीम चालवली. तिचा सविस्तर हिशेब मांडला तो 1975-76मध्ये सीनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने, म्हणजे विधिमंडळाने. ज्याच्या हाती तलवार, त्याच्याकडेच तलवारीचा हिशेब देऊन चालत नाही. नारायणराव पेशव्यांच्या 1773मधील खुनाबद्दल खुद्द राघोबादादांना दोषी ठरवणारे रामशास्त्री आपल्याला थोर वाटतात ते त्यांच्या धैर्यामुळे; पण त्यांच्या पदाची रचनाही पाहिली पाहिजे. न्यायाधीशाची नेमणूक ज्याच्या हाती, त्याच्याविरुद्ध निवाडा देण्यासाठी धैर्य लागावे, आणि निवाड्यानंतर पुणे सोडावे लागावे, ही त्या व्यवस्थेतील उणीव होती. म्हणून माझे उत्तर असे : सुपरहिरोने जाब द्यावा, अवश्य द्यावा, ओळख न्यायालयापाशी मोहरबंद असावी, खटल्यात आरोपीला तिची उलटतपासणी घेता यावी, कारण साक्षीदाराला समोरासमोर प्रश्न विचारण्याचा हक्क सहाव्या घटनादुरुस्तीने दिलेला आहे आणि मुखवट्याची उलटतपासणी घेता येत नाही. परंतु कोणत्या आगीत उडी घ्यायची याचा हुकूम मंत्रिमंडळाकडून येऊ नये. मुखवटा उतरला तर घरच्यांच्या जिवाला धोका, हा आक्षेप खरा आहे. त्या कथेत स्पायडरमॅनने पत्रकारांसमोर चेहरा उघडा केला आणि पुढे त्याच्या वृद्ध काकूला गोळी लागली. म्हणूनच मी पत्रकारांसमोर म्हणत नाही, न्यायाधीशासमोर म्हणतो.

‘सिव्हिल वॉर’मध्ये नेमकी हीच वाट कोणी घेत नाही. नोंदणी नाकारणाऱ्यांना खटल्याविना दुसऱ्याच एका विश्वातील तुरुंगात डांबले जाते आणि हा कायदा घटनेशी सुसंगत आहे काय, असा अर्ज घेऊन कोणी न्यायालयाची पायरी चढत नाही. सारा युक्तिवाद मुठींनी होतो. शेवटी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर, आग विझवणाऱ्या आणि जखमी उचलणाऱ्या साध्या माणसांनी आपल्याला अडवलेले पाहून, आजूबाजूचा विध्वंस पाहून, कॅप्टन अमेरिका ढाल टाकतो, मुखवटा उतरवतो आणि स्टीव्ह रॉजर्स या आपल्या खऱ्या नावाने बेड्या घालून घेतो. पुढची कथा 2007च्या मार्च महिन्यात निघालेल्या त्याच्या स्वतःच्या मासिकाच्या पंचविसाव्या अंकात आहे. आरोप वाचून दाखवण्यासाठी त्याला संघराज्याच्या न्यायालयात नेत असतात. गर्दी असते, पत्रकार असतात. न्यायालयाच्या पायऱ्यांवरच त्याच्यावर गोळ्या झाडल्या जातात, आणि तो खटला उभाच राहत नाही.